दाइनिस वार्पाची उलटी पावलं

लिएपायाच्या मासळीबाजारात ओयार्स शिरला की बायका हातातलं काम टाकून आधी त्याच्या पाठीमागे बघायच्या.

"काय रे ओयार्स, दाइनिस कुठंय?" एकीनं विचारायचं.

"असेल तिथंच मागे. याला कधी दिसलाय तो!" दुसरी लगेच म्हणायची.

मग सगळा बाजार खो खो हसायचा. ओयार्स बिचारा धुरी दिलेले मासे पिशवीत टाकून, मान खाली घालून बाहेर पडायचा. दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच गडी, खांदे असे की बघतच राहावं, काइया क्लबचा मधला बचावपटू. देशातले एकाहून एक स्ट्रायकर त्यानं रडवलेले. आणि शहरभर ओळख काय, तर ज्याला दाइनिस वार्पा सापडत नाही तो.

आता दाइनिस सापडायचा नाही हे मात्र शंभर टक्के खरं. आमच्या लाटव्हियात आधीच फुटबॉलला कोण विचारतं? हॉकी लाडाची, बास्केटबॉल मानाचा, आणि फुटबॉल म्हणजे घरात आहे म्हणून जेवायला वाढायचं, असला प्रकार. तरीसुद्धा एन्कुर्स क्लबचा सामना असला की भर वाऱ्यात, कान झाकून, माणसं कट्ट्यावर येऊन बसायची ती या एका माणसासाठी. दिसायला म्हणाल तर पोस्टात शिक्के मारणारा वाटावा. उंची बेताची, पाय किंचित फेंगडे, पळणं तर असं की आमच्या शाळेतल्या पोरींनीही मागे टाकावं. पण चेंडू गोलपुढे आला की तिथं दाइनिस उभा. एकटा! आसपास कुणी नाही, जणू बाकीच्या एकवीस जणांना कुणी सुट्टी दिलीय. डोकं नाहीतर पाय नुसता लावायचा, की गोल. पुन्हा पुन्हा बघूनही विश्वास बसायचा नाही. खरं सांगतो, अंगावर काटा यायचा.

"कसा काय मोकळा सुटतो रे हा?" लोक एकमेकांना विचारायचे. काइयाच्या प्रशिक्षकानं चित्रफिती आणून, पडदे लावून, डोळ्यांत तेल घालून बघितलं. काही दिसलं नाही. दिसणार कसं? कॅमेरा चेंडूच्या मागे. चेंडू कडेला, तर कॅमेरा कडेला. तो पुन्हा गोलपुढे येईपर्यंत दाइनिसचं काय करायचं ते करून झालेलं असायचं.

ओयार्स आणि दाइनिस दोघेही स्मिल्गास गावचे. शहराच्या दक्षिणेला, समुद्राला लागून, पाइनच्या झाडांत लपलेलं गाव. शाळेत एका बाकावर बसलेले. दाइनिसचे वडील आन्सिस गावच्या दफनभूमीची राखण करायचे. ओयार्सची आई वेल्ता शाळेत सूप वाढायची, आणि दाइनिस हडकुळा म्हणून त्याला तळातला घट्ट भाग द्यायची. पुढे एक एन्कुर्सला गेला, दुसरा काइयाला. दोन्ही क्लब लिएपायाचेच, त्यामुळे दर हंगामात गाठ पडायची, आणि दर गाठीला दाइनिस ओयार्सच्या पाठीमागून गोल मारायचा. सामना संपला की दोघं एकाच बसनं गावाला परत. वाटेत दाइनिस खिडकीला डोकं टेकून झोपायचा आणि ओयार्स त्याच्याकडे बघत दात खायचा.

ओयार्सला ना देशाच्या संघाची हाव होती, ना परदेशाची. त्याला एकच हवं होतं. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, मैदानावर तोही असावा, दाइनिसही असावा, आणि दाइनिसला त्यानं गोल मारू देऊ नये.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात तसं झालं. म्हणजे, झालंच नाही असंही म्हणता येईल.

त्या शनिवारी एन्कुर्स आणि काइयाचा सामना होता आणि समुद्रापलीकडून, स्वीडनच्या एका क्लबचा माणूस खास दाइनिसला बघायला आला होता. सगळं ठरल्यातच जमा होतं. माणसानं फक्त डोळ्यांनी बघायचं आणि हात मिळवायचा. आणि दुसऱ्या दिवशी स्मिल्गासला कबरींचा रविवार. वर्षातून एकदा येतो तो. त्या दिवशी जिथं असेल तिथून माणूस आपल्या मेलेल्यांपाशी येतो. पाद्री नावं वाचतो, बँड वाजतो, लोक वर्षभराची भांडणं विसरून, निदान दुपारपर्यंत तरी, एकमेकांच्या कबरीवर फुलं ठेवतात. आणि कबरीभोवतीची वाळू दाताळ्यानं रेघा ओढून अशी नीट केलेली असावी लागते की पाऊल टाकायला जीव धजू नये. ज्याच्या आईबापाची वाळू विस्कटलेली, त्याच्याबद्दल पुढच्या वर्षीपर्यंत बोललं जातं. समोर नाही कुणी बोलत, तेवढी रीत आहे आम्हाला.

शुक्रवारी रात्री वादळ झालं. पाइनच्या फांद्या, सुया, बोंडं, सगळं कबरींवर. आन्सिसकाका पहाटे फांदी ओढायला गेले ते घसरून पडले आणि पाय मोडून बसले.

सामन्याला दाइनिस आला नाही. एन्कुर्सचा अध्यक्ष लालबुंद होऊन फेऱ्या मारत होता. स्वीडनचा माणूस टोपी मांडीवर घेऊन बसला आणि मध्यंतराला उठून गेला. काइया जिंकली. एन्कुर्सला एकही गोल करता आला नाही. सोबत्यांनी ओयार्सच्या पाठीवर थापा मारल्या, "जमलं बुवा तुला एकदाचं!" म्हणाले, आणि ओयार्सला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.

सामना संपल्या संपल्या तो बसनं गावी आला. आईची कबर साफ करायची राहिली होती. घरून दाताळं घेतलं आणि दफनभूमीत शिरला. ऊन अजून झाडांमधून तिरपं येत होतं. आणि बघतो तर काय, आख्खी जागा लख्ख. एक फांदी नाही, एक सुई नाही. कबरीमागून कबर, वाळूवर फरच्या झाडासारखी नक्षी. आईच्या कबरीभोवतीही तीच. आणि पलीकडच्या वाटेवर दाइनिस, अंगातला सदरा घामानं काळा झालेला, शेवटच्या रेघा ओढत होता.

"जिंकलात?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"जिंकलो. अरे, डोकं फिरलंय का तुझं? तो माणूस गेला ना निघून!"

"बाबांचा पाय मोडला."

"मग त्यांच्यापाशी बसायचंस! दाताळं कसलं मारत बसलायस?"

"बसलो होतो. तेच ओरडले, इथं काय करतोयस म्हणून. उद्या लोक येणार, ओयार्स. रिगाहून, जर्मनीहून. ती कॅनडातली म्हातारी तर पन्नास वर्षांनी येतेय आपल्या नवऱ्याला भेटायला. तिनं काय फांद्यांखाली शोधायचं त्याला?"

"आणि माझ्या आईचं? ते मी केलं असतं ना."

"तुझं तर सगळ्यांत आधी केलं. तुझा सामना होता, म्हटलं तू कुठला वेळेवर पोचतोस."

"आणि तुझा नव्हता?" ओयार्सच्या ओठांवर आलेलं ते. पण त्यानं हातातलं दाताळं खाली ठेवलं. तो बाकावर बसला.

आणि तिथं बसल्या बसल्या त्याला ते दिसलं.

वाळूवर रेघा ओढायच्या म्हणजे मागे मागे जात ओढायच्या, नाहीतर आपलेच पाय त्यावर उमटणार. ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बाकीचे दर दोन पावलांना मागे वळून बघतात. दाइनिस बघत नव्हता. मागे बाक होता, त्याला वळसा घालून गेला. मागे दगडी कठडा होता, पाऊल उचलून त्याच्यावरून गेला. मागे पाण्याची झारी पडली होती, तिला टाचसुद्धा लागली नाही. डोळे समोर, हात रेघेवर, आणि पाय आपले आपण, आवाज न करता, मागे सरकत होते. लहानपणापासून बापासोबत हेच केलेलं. मागे बघितलं की हात वाकडा होतो, असं आन्सिसकाका सांगायचे.

ओयार्सच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चेंडू कडेला गेला की प्रत्येक बचावपटू चेंडूकडे बघतो, आणि पाठीशी असलेला स्ट्रायकर पुढे घुसेल म्हणून दोन पावलं गोलकडे सरकतो. सगळे स्ट्रायकर घुसतातच. दाइनिस पुढे येतच नव्हता! तो गोलपासून मागे जात होता. माणसांच्या गर्दीतून, कुणाला न लागता, एकदाही मागे न बघता. बचावपटू पुढे, दाइनिस मागे, आणि मधे चेंडू पडायला ऐसपैस जागा. इतकी वर्षं, इतक्या शहाण्यांनी डोकं फोडून घेतलं, आणि उत्तर हे! ओयार्सला हसावं की रडावं कळेना. तो नुसता आ वासून बघत राहिला.

दाइनिसनं शेवटची रेघ फाटकाशी आणून संपवली आणि वर बघितलं. दोघांची नजरानजर झाली. 

पुन्हा काही स्वीडनचा माणूस आला नाही. दाइनिसनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. सकाळी मासे वाळवायच्या कारखान्यात काम, दुपारी सराव, शनिवारी गोल, असं त्याचं चाललं. देशाच्या संघातही बोलावलं त्याला, पण बहुतेक वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर. दोन हजार चारला आपला एवढासा देश पोर्तुगालला युरोपातल्या बड्या बड्यांशी खेळायला गेला, तेव्हा दाइनिस ओयार्सच्या घरी टीव्हीसमोर बसून राईचा पाव आणि मासे खात होता, आणि आपल्या पोरांनी जर्मनीला बरोबरीत रोखलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडला. ओयार्सनं ताटावरून उठून अंगणात जाऊन तोंड धुतलं. बायको मारुता मागोमाग आली.

"काय झालं?"

"तो तिथं असायला हवा होता गं."

"मग त्याला काही वाटत नाही, तर तू का मरतोयस?"

आणि सामन्यांचं म्हणाल, तर ओयार्सला आता सगळं माहीत होतं. चेंडू कडेला गेला की फक्त मान वळवायची. बस्स. एवढंच करायचं होतं. पण मान वळवायची म्हटलं की आईच्या कबरीभोवतीची ती नक्षी डोळ्यांपुढे यायची आणि मान आखडायची. जे आपल्याला तिथं दिसलं, ते वापरायचं कसं? चोरी करण्यातलाच प्रकार तो. मग तो चेंडूकडे बघत राहायचा आणि मागे जाळं हलायचं. बाजारातल्या बायका हसायच्या. ओयार्स तोंडातून ब्र काढायचा नाही.

अशी अकरा वर्षं गेली. दोघांचे केस विरळ झाले. दाइनिसच्या उजव्या गुडघ्याला तर एवढी सूज यायची की सकाळी पायऱ्या बसून उतरायचा. शेवटी त्यानं जाहीर केलं की हंगामातला शेवटचा सामना खेळून बूट टांगणार. सामना कुणाशी? काइयाशी. लोक म्हणाले, वा, ओयार्सकडून शेवटची भेट!

सामन्याच्या आधीच्या शनिवारी ओयार्स नेहमीसारखा दाइनिसच्या वाफेच्या न्हाणीत गेला. शनिवारी न्हाणी म्हणजे न्हाणी, तिथं कुणी एन्कुर्सचा नाही आणि कुणी काइयाचा नाही. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ कोंदली, ओयार्स फळीवर पालथा झाला आणि दाइनिसनं त्याची पाठ झोडपायला बर्चच्या डहाळ्यांची जुडी उचलली.

"ओयार्स, एक विचारू?" फट्ट.

"विचार की. जरा हळू!"

"तू वळत का नाहीस?" फट्ट.

"कुठं?"

"सोंग करू नकोस. तू त्या दिवशी बघितलंस. आणि तू बघताना मी तुला बघितलं." फट्ट. "वाटलं, पुढच्या सामन्यात हा मला धरणार. नाही वळलास. म्हटलं, त्याच्या पुढच्या. मग म्हटलं, विसरला असेल. तू विसरणारा नाहीस." फट्ट, फट्ट.

"अरे, सोलून काढशील! आईची कबर येते डोळ्यांपुढे. नाही वळत मान."

जुडी थांबली. 

"म्हणजे भीक घातलीस मला," दाइनिस म्हणाला.

"भीक कसली? तू माझ्यासाठी..."

"मी तुझ्यासाठी काही केलं नाही. मी वाळू साफ केली. माझं कामच होतं ते." त्याचा आवाज चढला होता. दाइनिसचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. "ओयार्स, बाकीच्यांवर मारलेले गोल मला आठवतसुद्धा नाहीत. तुझ्यावरचा एकेक आठवतो. का, माहितीये? तुझ्यासारखा बचावपटू या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. स्वीडनचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण म्हटलं ओयार्सला चकवलं, आणखी कुणाला चकवायचंय! आणि आता तू सांगतोस की तू वळतच नव्हतास. मग मी आयुष्यभर केलं काय? सांग ना! माझं म्हणून त्यातलं काही आहे की नाही?"

ओयार्स उठून बसला. घाम होता की काय, डोळे चुरचुरत होते. आपण मोठं मन करतोय असं त्याला वाटत होतं, आणि इथं या माणसाचं सगळं आयुष्यच आपण खोटं पाडत आणलं होतं.

"पुढच्या शनिवारी वळ," दाइनिस म्हणाला. "जीव खाऊन खेळ. नाही वळलास तर या न्हाणीत पुन्हा पाऊल टाकू नकोस."

नोव्हेंबरचा तो शनिवार. समुद्रावरून असा वारा सुटला होता की बोलणाऱ्याचे शब्द तोंडातच राहावेत. तरी कट्टा भरलेला. पुढच्या रांगेत आन्सिसकाका, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्यांच्या मागे आख्खा मासळीबाजार.

चेंडू पहिल्यांदा कडेला गेला आणि ओयार्सनं मान वळवली.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते समोरून बघितलं. काय सांगावं! गर्दीत धक्काबुक्की चाललेली, कोपरं लागतायत, आणि त्यातून हा माणूस मागे मागे निघालाय, शांत, डोळे चेंडूवर, एकाचाही धक्का न लागता. सुजलेला गुडघा आहे, वय झालंय, पण पावलांना काही पत्ताच नाही. क्षणभर ओयार्स खेळायचंच विसरला. मग त्यानं दोन ढांगा टाकल्या, दाइनिसच्या पुढ्यात आला आणि डोक्यानं चेंडू पार मैदानाबाहेर फेकून दिला.

 असं कधी झालंच नव्हतं.

"हां, असं!" दाइनिस म्हणाला. गालात हसत होता लेकाचा.

पुन्हा चेंडू आला, पुन्हा ओयार्स वळला, पुन्हा अडवला. दाइनिसनं डावीकडून करून बघितलं, उजवीकडून करून बघितलं, आपल्याच दोन खेळाडूंच्या आडून करून बघितलं. ओयार्स हटला नाही. मध्यंतर झालं, दुसरा डाव अर्धा गेला, शून्य शून्य. बाजारातल्या बायका आता हसत नव्हत्या. एक तर रडायलाच लागली, "अरे, शेवटचा सामना आहे त्याचा, मेल्या!" म्हणून. ओयार्सनं ऐकलं आणि दातओठ खाऊन पुन्हा वळला. आता त्याला कबर दिसत नव्हती, फक्त दाइनिस दिसत होता. इतकं जवळून, इतका वेळ, त्यानं कुणाकडेही बघितलं नव्हतं, मारुताकडेसुद्धा नाही.

पंचानं घड्याळ बघितलं. एन्कुर्सच्या पोरानं उजव्या कडेवरून शेवटचा चेंडू मारला, खाली, गवताला लागून. ओयार्स वळला. दाइनिस मागे निघाला. ओयार्सही त्याच्यासोबत मागे गेला, वाट अडवली, आता सुटायला जागाच नव्हती. आणि दाइनिस पुढे आला.

पुढे! ज्या माणसाला पुढे धावताना या देशात कुणी बघितलं नव्हतं तो त्या गुडघ्यावर सगळा भार टाकून, ओयार्सच्या नाकासमोरून, पुढे झेपावला. ओयार्सनं बघितलं. सगळं बघितलं. होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून त्यानं अंग झोकून दिलं, बुटाचं टोक चेंडूच्या वीतभर अलीकडे पोचलं, आणि त्या वीतभर जागेत दाइनिसचं डोकं होतं. जमिनीलगत, गवतात. चेंडू जाळ्यात गेला.

मग एक आवाज आला. जवळ होते त्यांनाच ऐकू आला तो. गुडघा गेला होता.

कट्टा डोक्यावर घेतला लोकांनी. स्ट्रेचर घेऊन माणसं धावली. दाइनिस पांढराफटक पडलेला, पण हातानं नको नको करत होता. "नको. बाबा बघतायत. आडवा नेऊ नका मला."

ओयार्सनं स्ट्रेचरवाल्यांना बाजूला सारलं, पाठ करून खाली बसला आणि म्हणाला, "ये."

दाइनिसनं त्याच्या गळ्यात हात टाकले. ओयार्स त्याला पाठुंगळी घेऊन उठला आणि हळूहळू चालायला लागला. वाऱ्यात दोन्ही क्लबांची माणसं उभी राहिली होती, टोप्या काढून. समोर आन्सिसकाका काठी टेकत उठायची धडपड करत होते.

"ओयार्स," दाइनिस कानापाशी म्हणाला. दुखण्यानं त्याचे दात वाजत होते. "खरं सांग. सोडलास का हा?"

"नाही."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ. जीव तोडून पळालो रे. नाहीच पोचलो."

 दाइनिसनं डोकं ओयार्सच्या खांद्यावर टाकलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. ओयार्सनं त्याचे पाय आणखी घट्ट धरले, आणि पाठ हलू नये म्हणून अगदी जपून पावलं टाकत त्याला त्याच्या बापाकडे घेऊन गेला.